भाऊजींनी वाचलेली पत्रं

माझे मालक फौजेत होते. सीमेवर लढाई पेटली तेव्हा आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. त्यांची पत्रं मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावानं येत. बायकोच्या नावानं पत्र धाडायची तेव्हा आमच्याकडे लाज वाटे. शेवटी एक ओळ असे, ‘घरच्या मंडळींनी तब्येत सांभाळावी.’ ती मंडळी म्हणजे मी.

मामाजींना वाचता येत नव्हतं. मी चौथी पास, पण सासऱ्यापुढे सुनेनं पत्र हातात घेणं बरं दिसत नसे. धाकटे दीर वाचत आणि मी दाराआडून ऐकत असे.

एकदा धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करून घरी आले, तर भाऊजी वाचत होते, “गाईले गोऱ्हा झाला, लय खुशी झाली. त्याले विकू नका.”

मामाजी हसले. “पाहा, तिथी गोळ्या चालून राह्यल्या अन् याले गोऱ्ह्याची पडली!”

मी जागीच थांबले. गाय आदल्याच रात्री व्याली होती. इतक्या लांब त्यांना कोणी सांगितलं?

मग मी लक्ष ठेवू लागले. वाचताना भाऊजींची नजर कागदावर नसे, मामाजींच्या तोंडावर असे. डाकवाला तर दारी दिसतच नव्हता. तालुक्याच्या गावी, मूलला गेलो होतो, तिथूनच आणलं, असं ते सांगत. सकाळी कुंकू लावताना माझा हात अडखळायचा.

गोठ्यात एकटे सापडले तेव्हा मी विचारलं, “भाऊजी, गोऱ्ह्याचं त्यायले कोणं सांगतलं?”

ते हळूच म्हणाले, “वयनी, नवीन पत्रच नाई येऊन राह्यलं. बाबा जेवत नाई, म्हणून जुनंच हाती धरून मनानं बोलतो.”

“काही वाईट तर नाई आलं? खरं सांगा.”

“तुमची शपथ, नाई.”

शपथेवरही माझा विश्वास बसला नाही. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवताना माझं लक्ष रस्त्याकडे असायचं. एक दिवस डाकवाल्याची सायकल दिसली. मी चिखलातून धावले आणि पत्र मागून घेतलं. सोबत रोवणाऱ्या बायका बघत होत्या, पण मी तिथेच फोडलं. अक्षर परकं होतं, हिंदीत. जुळवत जुळवत वाचलं. उजव्या हाताला गोळी लागली, दवाखान्यात आहे, सोबत्याकडून लिहवतो आहे, काळजी नको.

“का लिवलं बाई?” बायकांनी विचारलं.

“बरे हायेत म्हणते,” मी म्हणाले. म्हणते, एवढंच. दुसऱ्याच्या हातानं काहीही लिहिता येतं, हे मी घरातच पाहिलं होतं.

धान कापायला आलं तेव्हा मालक मूलच्या बसमधून उतरले. चारचौघांत मी पुढे गेले नाही. लांबूनच उजव्या हाताची पट्टी पाहिली आणि मग ते पत्र खरं मानलं.