झेनाइदाबाईंचा सोमवार

आमच्या हिबारा गावातल्या गॅसच्या रांगेला दोन शेपट्या फुटल्या त्या माझ्यामुळे.

आमच्याकडे रांगेत कुणी उभं राहत नाही. आल्याबरोबर "शेवटचा कोण?" म्हणून ओरडायचं, जो हात वर करील त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि खुशाल बदामाच्या सावलीत जाऊन बसायचं. आपल्या मागून येणाऱ्याला आपण हात दाखवायचा. पण तो एकदाच. त्या सकाळी मी, सरकार राहतंय की जातंय, या चर्चेत इतका रंगलो, की मिर्तालाही हात दाखवला आणि तिच्यानंतर आलेल्या वेल्डर लासारोलाही. सिलिंडरचा ट्रक आला तेव्हा माझ्या मागे दोघं, आणि प्रत्येकाच्या मागे पंधरा-पंधरा.

"मी ह्याच्या मागे!" लासारो म्हणाला.

"तू ह्याच्या मागे, मग मी काय ह्याच्या डोक्यावर बसू?" मिर्ता म्हणाली.

तेव्हा झेनाइदाबाई उठल्या. वय एकाहत्तर, आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"मिर्ताकडचा एक, लासारोकडचा एक, पुन्हा मिर्ताकडचा. आणि ओस्मानी सगळ्यांच्या शेवटी."

"बाई, पण मी तर..."

"शेवटी. सातवीत बसायचास तिथंच."

अर्ध्या गावाला बाईंनी भूगोल शिकवलाय. मी सातवीत होतो त्या वर्षी सोव्हिएत देश फुटला. नवे नकाशे कुठून येणार? बाई स्टुलावर चढून जुन्याच नकाशावर निळ्या पेनाने सरहद्दी काढायच्या. दर महिन्याला एखादा देश वाढायचा. तपासणीस आले, म्हणाले, "कुणाच्या हुकुमाने?" बाई म्हणाल्या, "त्यांनाच विचारा. मी फक्त रेघ ओढते."

पुढे बाई निवृत्त झाल्या. मग तरुण मास्तर एकेक करून देश सोडून गेले, आणि शाळेने बाईंना परत बोलावलं. आता गावात भूगोलाला त्या एकट्याच.

आणि त्यांचं हे असं झालेलं. लेक लिसांद्रा स्पेनला. तिने आईला तिकडं कायमचं नेण्यासाठी कागद पाठवले होते. व्हिसासाठी स्पेनच्या वकिलातीची तारीख दीड वर्षाने मिळाली होती: येता सोमवार, हवानाला. चुकली तर पुन्हा मिळेल याची खात्री नाही. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं.

बाईंचा सिलिंडर केव्हाच मिळाला होता, तरी त्या माझ्यासाठी थांबल्या. माझ्या हातगाडीसाठी, असं त्या म्हणाल्या. दोन्ही सिलिंडर घालून मी चढ चढू लागलो.

"बॅग भरली का, बाई?"

"लिसांद्रा म्हणते, काही आणू नकोस, फक्त ये."

"मग?"

"मग काय? ढकल."

कोपऱ्यावरचा न्हावी ओरडला, "बाई, जाऊ नका! डिसेंबरपर्यंत सगळं बदलतंय!" समोरच्या गॅलरीतून त्याचा मेहुणा ओरडला, "जा हो बाई! इथं काही बदलत नाही!"

"तीस वर्षं हेच चाललंय दोघांचं," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी ह्याचं वाक्य तो म्हणत होता."

दाराशी आल्यावर त्यांनी नातवाचा फोटो दाखवला. गुबगुबीत पोरगं, लोकरीची टोपी घातलेलं. बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. ते पोर त्यांनी अजून एकदाही उचलून घेतलं नव्हतं.

मला राहवेना. "बाई, ह्या देशाचं पुढं काय होणार ते कुणालाच माहीत नाही. वीज नाही, औषधं नाहीत. तिकडं लेक आहे, नातू आहे. शनिवारची बस पकडा, सोमवारी सही करून या. अडलंय कशाला?"

बाईंनी फोटो पिशवीत ठेवला.

"आणि सोमवारी सातवीला भूगोल कोण शिकवणार, तू?"