गोठ्याचा उंबरा

रोज सकाळी एक गवळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी म्हैस बांधायचा आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचा. ग्लासात फेसच जास्त दिसला, की आणखी दोन धारा मारायचा. कितीतरी वर्षं मी ते दूध प्यालो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही.

१९७० च्या आसपासची गोष्ट. नाताळच्या आदल्या दिवशी मी चर्चमध्ये बाळ येशूच्या जन्माच्या देखाव्यासाठी गोठा करत होतो. त्यासाठी भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, त्यालाच आणायला सांगितलं होतं. डोक्यावर भारा घेऊन तो दारात आला. पाय शेणानं भरलेले.

"तिथंच ठेवा. फरशी आत्ताच पुसलीय," मी म्हणालो.

त्यानं भारा बाहेरच उतरवला. पायावर पाय घासत, मान लांब करून तो माझा गोठा बघू लागला. मी गोठ्याच्या दाराला छान चौकट ठोकली होती, खाली रंगवलेला उंबरा.

"मालक, गोठ्याला उंबरा कशाला? गाभण म्हस अडखळून पडंल की. आन् गोठ्यात येताना कोन पाय धुऊन येतंय?"

प्रवाशांच्या उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून बाळाला गव्हाणीत निजवलं, हे मी दर नाताळला ऐकत आलो होतो. देवाच्या दारी कुणाला मज्जाव नाही, हा त्याचा अर्थही मला तोंडपाठ होता.

मी पकडीनं खिळे उपसले, उंबरा काढला आणि त्याला आत बोलवायला वळलो.

तो गेला होता. भारा चर्चच्या उंबऱ्याबाहेर होता, मी सांगितलं होतं तिथंच.