डेटाबेसमधला पाचवा खलाशी

आधीच सांगतो, असल्या गोष्टी मला कधी पटल्याच नाहीत. सर्व्हर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. कोणी म्हणालं, "आपोआप झालं," की माझा पहिला प्रश्न — पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?

गेल्या थंडीतली गोष्ट. मालवण बंदराजवळच्या एका मच्छीमार सोसायटीचं ऑफिस. कुठली होडी गेली, तिच्यात माणसं किती, याची नोंद तिथे कॉम्प्युटरवर होते. ती ब्राउझरमधून बघता-बदलता यावी म्हणून मी एक वेब टूल बसवत होतो. कंटेनरमध्ये, म्हणजे सगळ्या लवाजम्यासकट बंद डब्यात. डबा बंद केला की टूल बंद.

सकाळी नऊ वाजता टूल चालू झालं. सहज बाबल्या तांडेलाच्या होडीची नोंद उघडली. वहीत माणसं चार, स्क्रीनवर पाच. टायपिंगची चूक असणार म्हणून चार केली. चहा पिऊन आलो... पुन्हा पाच.

ऑफिसात दुसरं कोण? फक्त फिलूबाय. वीस वर्षं वही लिहिणारी क्लार्क, कॉम्प्युटर आल्यापासून माझ्यावर खार खाऊन असलेली.

"बाय, तुमी हात लावलात?"

"माका मेल्या माऊस तरी धरूक येता?"

पासवर्ड बदलला. पाच. जुना कंटेनर उडवून नवा उभा केला. तरी पाच! डोकंच फिरलं माझं. चेअरमनना फोन लावला, बाई मुद्दाम रेकॉर्ड बिघडवतायत म्हणून. त्यांनी तिला घरी जायला सांगितलं. "चेअरमन येयसर मी हलूचंय नाय," म्हणत ती बाहेरच्या बाकावर बसली. मी नोंद चार केली आणि टूल बंद करून टाकलं.

दुपारी दीड वाजता फोन — बाबल्याची होडी उलटली. मदतीला दोन होड्या गेल्या. एकीने दोघांना काढलं, दुसरीने दोघांना. फोनवरून विचारणा झाली, "लिस्टीत किती?"

"चार. झाले सगळे, येवा परत."

फिलूबायने येऊन माझ्या हातातला फोनच ओढला. "पाच आसत रे! परत जावा!"

"वहीत तुमीच चार लिवलास," मी ओरडलो.

"लिवलंय. पण तुझा मशीन सकाळपासून पाच सांगता मा? होडी फिरवूक तुझा काय जाता?"

ते फिरले. पाचवा सापडला, रिकाम्या कॅनला धरून, जिवंत. इंजीन अडलं म्हणून तो भर समुद्रात दुसऱ्या होडीवरून मदतीला आला होता. वाचवलेल्या दोन्ही जोड्यांना वाटलं, तो मदतीच्या दुसऱ्या होडीत आहे. मी त्याला जवळजवळ मारलाच होता.

पण तो चढला अकरा वाजता. आणि नोंदीत पाच नऊपासून!

सगळे लॉग चाळले. पाचाचे चार मी केले, तेवढंच दिसतं. चाराचे पाच कोणी केले, त्याची एक ओळही नाही.

फिलूबाय दुसऱ्याच दिवशी कामावर आली. मी हात जोडून माफी मागितली. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"माफ केलंय. पण खरा सांग, अजून तुका माझोच संशय आसा मा?"

मला "नाही" म्हणता आलं नाही.