व्होल्टेज विहिरीवर बघायचं

कुणाच्या तोंडच्या शब्दावर कवडीचा विश्वास न ठेवणारा, आणि तरीही अख्ख्या गोतावळ्याने डोळे झाकून ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. धुळ्यात त्यांचं शेतीच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान आहे. लोक खिशात पेन ठेवतात, हे वीज मोजायचा मल्टिमीटर ठेवतात. सासुरवाडीला गेलो की मी मुकाट्याने चहाची वाट बघतो. हे आधी भिंतीतल्या प्लगमध्ये मीटरच्या दोन वायरी खुपसतात आणि "एकशे नव्वदच व्होल्ट" म्हणून असा सुस्कारा सोडतात की घरात कुणी आजारी आहे की काय असं वाटावं. एका लग्नात गोरज मुहूर्तावर अंतरपाट धरायचा मान त्यांचा होता. तो तसाच माझ्या हातात देऊन हे गेले लाइटिंगवाल्याकडे, "तुनं न्यूट्रल ढिलं शे" सांगायला. तिसऱ्या मंगलाष्टकाला मांडवात अंधार झाला, तेव्हा कुठे भटजींनी त्यांना माफ केलं.

दुकानात शेतकरी येतो, म्हणतो, "नाना, मोटर गेली." नाना उठतात, स्कूटरवर त्याच्यामागे बसून थेट त्याच्या मळ्यात जातात. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, चारशे व्होल्ट आहेत असं त्याने शपथेवर सांगितलं तरी ऐकत नाहीत. "डीपीवर सगळेच राजे असतात, साडूभाऊ. चालू मोटरीला विहिरीवर किती पोचतं ते बघायचं," हे मला त्यांनी इतक्या वेळा ऐकवलंय की शाळेत मुलांना भूगोल शिकवताना एकदा माझ्याच तोंडून ते निघून गेलं.

आणि अशा माणसाने प्रेम केलं ते एका वीस वर्षांच्या छोट्या गाडीवर. तिला टर्बो बसवला, इंजिनला पेट्रोल पुरवणारा मोठा पंप बसवला, आणि स्वतःच्या हाताने जांभळ्या रंगाचे तीन हात दिले, डिकीच्या आतूनसुद्धा. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, म्हणते, "माझ्यासाठी एक साडी धड निवडता आली नाही त्यांना." सकाळी ते नुसती चावी फिरवतात. मागच्या सीटखालचा पंप दोन सेकंद घूंऽ करतो आणि थांबतो. मग डोळे मिटून पुन्हा फिरवतात. हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात, जांभळ्या पत्र्यावर दव, आणि आत हा माणूस दोन-दोन सेकंदांचं गाणं ऐकत बसलेला. अशा वेळी मीही शेजारी जाऊन बसतो. जळगावच्या माझ्या सगळ्या कटकटी त्या आवाजात विरघळतात.

पण गाडीला एक खोड होती. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की ऐन वेगात उचकी द्यायची. गेल्या दिवाळीत त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. नाशिकची लेक म्हणाली, बाबा, मला द्या. "ओव्हरटेकच्या वेळी उचकणारी गाडी पोरीच्या हाती कशी देऊ?" एवढंच ते म्हणायचे. रविवारी दुपारी लेक गाडी न्यायला येणार होती. शनिवारपर्यंत त्यांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला, बॅटरीवर शंभरदा व्होल्टेज पाहिलं. बठ्ठं बराबर, सगळं ठीक.

रविवारी सकाळी मी भीत भीत विचारलं, "नाना, विहिरीवर बघितलंत का?"

ते थेट गाडीचं मागचं दार उघडायला गेले. जन्मभर गावाला सांगितलेलं स्वतःच्या गाडीपाशी विसरले होते. मागची सीट उचलली, पंपाला दोन लांब वायरी लावल्या, सीट परत बसवून मीटर मागे अक्काच्या मांडीवर दिला आणि मी दोंडाईच्याच्या रस्त्याला गाडी काढली. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला. "तेरा... बारा," अक्का वाचू लागली, "साडेदहा. अहो, मेलं उतरतंय की." आणि गाडीने उचकी दिली.

पंपाची अर्थिंगची वायर डिकीत पत्र्याला बोल्टने कसलेली असते. बोल्ट काढला तर खाली त्यांचाच जांभळा रंग, तीन हातांचा. रंगातून पुरेशी वीज परत जाणार कशी? "लाड करता करता मीच हिचा गळा दाबला," ते म्हणाले. मग पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा त्यांनी बोटांनी चाचपत घासली, पत्रा उजळेपर्यंत.

पुन्हा निघालो. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, रस्ता रिकामा. पाय दाबला आणि गाडी कुठेही न अडखळता तरंगत गेली. "साडेतेरा," अक्का म्हणाली. "हालत नाही." मला वाटलं नाना हसतील. ते खिडकीबाहेर बघत होते.

"परत एकदा बघू," ते म्हणाले.

पुन्हा पाहिलं. साडेतेरा. "अजून एकदा." साडेतेरा. लेकीचा फोन आला, घरी पोचले, कुठे आहात? अक्का म्हणाली, "येतोच," आणि आरशात माझ्याकडे पाहिलं.

"साडूभाऊ, मीटरचा काही भरवसा नसतो," नाना डोळे मिटून म्हणाले. "एकदाच बघू."

मी गाडी पुन्हा दोंडाईच्याच्या दिशेला वळवली.