चिटगुप्प्याहून आणलेली निळी पेटी

"तुला तसंबी काही काम न्हाई, ये इकडं," मावशी फोनवर म्हणाली. खरंच होतं, म्हणून राग आला नाही. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, तेव्हापासून मी फिरते आणि इथं ब्लॉगवर लिहिते, एवढंच.

मावशी बिदरला नौबादमध्ये राहते. तिची वरची खोली मर्सी अक्का नावाच्या केरळच्या नर्सला भाड्यानं दिलीय. ही अक्का दर रविवारी कुठंतरी जाते, कुठं विचारलं तर नुसती हसते. गल्लीतल्या एका बाईनं तिला बसस्टँडवर बघितलं, मांडीवर निळ्या कापडात झाकलेली पेटी घेऊन बसलेली. झालं, मावशीची झोप उडाली.

"धर्म बदलवायचं चाल्लंय का काय, तिच्यामागं जाऊन बघ. तसलं असलं तर खोली खाली करायला लावते."

आम्ही बौद्ध. मावशीच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा गावानं त्यांना काय काय ऐकवलं, ते तिला तोंडपाठ आहे. तरी ती म्हणते, "आपलं एकदा झालंय. आता दुसऱ्यांदा कुणी शिकवायचं न्हाई."

शनिवारी उदगीरहून बस धरली. कमलनगर, भालकी करत बिदर. तूर फुलात होती, रस्त्याच्या दोन्ही अंगाला पिवळं. भालकीला गरम भजी दिसली म्हणून उतरले आणि ती बस गेली. तुम्ही भजी खिडकीतूनच मागा.

रविवारी सकाळी अक्काला जिना उतरताना मी गाठलं. "कुठं?"

"चिटगुप्पा."

"मलाबी बघायचंय चिटगुप्पा. येऊ?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग खाली ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या मावशीकडं. "मावशी पाठवली?"

"व्हय, जा म्हणली." खोटं काहीच नव्हतं त्यात.

अक्कानं खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "चल. फोटो नक्को." फोटो नक्को म्हटल्यावर माझा संशय दुप्पट.

मन्नाखेळीला बस बदलायची असते. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं. अक्काचं कर्नाटकाचं, तिथल्या बायकांना सरकारी बस फुकट, त्यामुळं तिला फुकट तिकीट. माझं महाराष्ट्राचं. "तुम्ही बाहेरच्या," तो म्हणाला, "पैसे काढा." केरळची बाई इथली आणि मराठी बोलणारी मी परकी! अक्का खिडकीकडं तोंड करून हसत होती.

चिटगुप्प्याचा बाजार छान आहे, ओल्या शेंगा घ्याच. मी घेत बसले तर अक्कानं दंड धरून ओढलं. जॉय अण्णा म्हणून एक केरळी बेकरीवाला, त्याच्या दुकानामागच्या घरी जायचं होतं. दुकानाचं शटर अर्धं खाली. आत वाकून जावं लागलं. मनात म्हटलं, सापडलं.

आत दहा-बारा माणसं. बऱ्याचशा नर्सा, एक शाळेतले सर, हुमनाबादला टायरचं दुकान चालवणारं एक जोडपं. सगळी केरळची, पोटासाठी इकडं आलेली. टेबलावर काचेच्या पेटीत निळ्या पदराची मेरीमाता.

"फादर कुठायत?" मी विचारलं.

"फादर नको याला," जॉय अण्णा म्हणाला. "घरातलं आहे हे. आमचं आम्ही."

"मग शटर कामून खाली?"

"वर केलं की गिऱ्हाईक येते, पफ दे म्हणते."

पटलं नाही. त्यात सगळे मल्याळममध्ये कुजबुजायला लागले. मला एकच शब्द कळला, नौबाद. टायरवाली बाई माझ्याकडं बघून डोळे पुसायला लागली. म्हटलं आता मलाच बदलवतेत वाटतं. चप्पल कुठं काढलीय ते बघून ठेवलं.

प्रार्थना मण्यांच्या माळेवर चालली. थोडे मणी एकीनं म्हणायचे, मग दुसऱ्यानं. सरांनी त्यांचे कन्नडमध्ये म्हटले. संपल्यावर जॉय अण्णाच्या बायकोनं पेटीवर निळं कापड घातलं, उचलली आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"आठवडाभर आई एका घरी राहते," ती म्हणाली, "मग दुसऱ्या. पण अशीच जात नाही. त्या घरचं माणूस न्यायला यावं लागते. मर्सी तीन वर्षं दुसऱ्यांच्या सोबतीनं पेटी पोचवायला जाते. तिचं घर भाड्याचं, मालकीण रागाची, म्हणून कधी मागितली नाही. आज मालकिणीनं घरची मुलगी पाठवली!"

मी अक्काकडं बघितलं. ती खाली बघत होती. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण टायरवाली बाई परत डोळे पुसत होती.

परतीच्या बसमध्ये पेटी माझ्याच मांडीवर. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काय हाय त्यात, पोरी?"

"आई," अक्का म्हणाली. आजोबांनी पाय आखडून घेतले.

"तू मुद्दाम आणलंस मला," मी म्हटलं.

"येऊ का, कोण बोललं?" अक्का म्हणाली. "आता मावशी खोली सोड म्हणली तर मी कुठं जाऊ, ते बोल."

मावशी फाटकातच उभी. मी सगळं एका दमात सांगितलं. तिनं कापड उचलून आत बघितलं, पेटीच्या खालून हात फिरवला, मागून ठोकून बघितलं.

"माझ्या नावानं आणली?"

"व्हय."

"मग आता परत कशी धाडायची? लोक काय म्हणतील, बोलावून हाकलली." अक्काकडं बोट केलं. "वर ने. पण दार उघडं ठेवायचं. आन् मी बसणार."

ती बसली. बुधवारी बिदरमधले केरळी लोक पेटीपुढं प्रार्थनेला आले, तेव्हा मावशी दाराला पाठ लावून, हाताची घडी घालून. शेवटपर्यंत. लोक नमस्कार करून, चहा पिऊन गेले. खाली आल्यावर म्हणाली, "मला एकानं तरी इचारलं का गं, तुमी बी येता का म्हणून?" सुटका झाली म्हणून बोलत होती की अपमान झाला म्हणून, कळलं नाही.

मी उदगीरला परतले. अक्कानं ठरवून केलं का, अजून सांगता येत नाही. आठवत राहतं ते मांडीवरचं वजन. दिसायला लहान, पण पेटी जड होती.

पुढच्या सोमवारी मावशीचा फोन. "काल हुमनाबादचे आले न्यायला. मी म्हणलं, घरचं माणूस कोण तुमच्यातलं? नवरा-बायको दोघं उभे केले, नीट बघितलं, मगच दिली. असं कुणाच्याबी हातात द्यायची का?"

"आन् खोलीचं काय ठरलं, मावशी?"

"खोलीचं काय? मर्सीला फोन लावायला सांगितलंय, थांब. पेटी पोचली का न्हाई ते तर कळू दे आधी."