मोतीबाईची जागल

आसेगावच्या फाट्यावर माझी पीठगिरणी आहे, त्यामुळे तांड्यावरच्या मोतीबाईला मी चांगली ओळखतो. दळण टाकलं की माणसं बाकावर टेकतात, गप्पा हाणतात. मोतीबाई कधी टेकली नाही. गिरणीच्या दारात तिच्या येरझारा चालायच्या आणि ओठ सारखे हलत असायचे. नवरा रूपला, मुलगा करण, सून रीता, लेकी, जावई, नातवंडं, दावणीची शेळीसुद्धा. एकेकाचं नाव घेऊन ती येशूपाशी त्याची खुशाली मागायची. मध्येच कुणी हाक मारली की क्रम मोडायचा आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला तर नुसतं बघूनच थकायला व्हायचं.

तांड्यावर पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी प्रार्थना होते, तिथं ती बरीच वर्षं जाते. सुरुवातीला तिथून गात गात घरी यायची. मग एका सकाळी घाईघाईत रूपलाचं नाव घ्यायचं राहून गेलं. रूपला जागल्या आहे. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून दुसऱ्याच्या शेतात रात्रभर लाकडी मचाणावर, माळ्यावर बसून ओरडतो. नेमका त्याच दिवशी तो माळ्यावरून उतरताना पडला आणि हात मोडून घेतला. माळ्याचं लाकूड कुजलंय हे अख्ख्या तांड्याला ठाऊक होतं. पण मोतीबाईनं सगळा दोष आपल्या माथी घेतला. पास्टरांनी किती समजावलं, "बाई, देव काय इसरभोळा हाय का?" ती मान डोलवायची आणि घरी आली की पुन्हा तेच. तिची झोप उडाली ती उडालीच. देवावर भरवसा टाकलाय असं चारचौघांत सांगायची, पण घटकाभर काही त्याच्यावर सोडायची तयारी नाही. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. कीवही यायची.

यंदा दिवाळी झाली आणि ऊसतोडीची टोळी निघाली. करण आणि रीताही निघाले. रीता गरोदर होती, म्हणून मोतीबाईच्या जिवाची जास्तच घालमेल. दरवर्षी ट्रकात चढणाऱ्या एकेकाच्या डोक्यावर ती हात ठेवते, नाव घेते, मगच ट्रक हलतो. मुकादम जगदेव हातातल्या घड्याळाकडे बघत चरफडतो, पण तिला डावलायची त्याची छाती होत नाही. यंदा रीता आधीच वर चढून बोचकी लावत होती. खाली गर्दी, पोरांची रडारड, ड्रायव्हरचा हॉर्न. ट्रक गेला.

घरी आल्यावर चुलीपाशी तिला जवसाच्या चटणीचा डबा दिसला. रीतासाठी कुटलेली चटणी तशीच राहिली होती. चटणीच कशाला, रीताच्या डोक्यावर हात ठेवायचाही राहिला होता. नावही घेतलं नव्हतं! फोन लावला, लागेना. तिथल्या तिथं गुडघे टेकून नाव घेतलं, पण गाडी निघून गेल्यावर घेतलेल्या नावाचा काय उपयोग, असं तिच्या मनानं घेतलं. ट्रक शिरपूरला दुसरी टोळी घ्यायला दुपारपर्यंत थांबणार होता. तिनं डबा पिशवीत टाकला आणि पदर खोचला.

रूपला रात्रपाळी करून येऊन भाकर खात होता. "काहून धावून राह्यली?" त्यानं विचारलं. तो प्रार्थनेला जात नाही, बायकोला अडवतही नाही. तिनं सांगितलं तसा त्यानं घास खाली ठेवला.

"म्या रातभर वरडतो, कारन शेताचा मालक घरी झोपते. तुहा मालक तं कधी झोपतच नाही म्हनतं तू. मंग तू कायले जागल करून राह्यली?"

"तुमाले काय समजते त्यातलं?" असं फणकारून ती निघाली. पण ते बोलणं तिला झोंबलं. एक गाडी बदलून शिरपूरला पोचेपर्यंत तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ड्रायव्हर मुद्दाम हळू चालवतोय असं वाटत होतं. नावं घ्यायला लागली की मध्येच रूपलाचा आवाज यायचा आणि क्रम मोडायचा.

पुढचं तिनंच नंतर मला सांगितलं. सासू-सुनेचं बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत झालं, मी आपलं माझ्या वऱ्हाडीत लिहितो.

शिरपूरला जैन मंदिराकडे जाणाऱ्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत ती ट्रकापाशी पोचली. रीता लिंबाखाली बसून पेरू खात होती, चांगली धडधाकट. सासूला बघून दचकून उठली. "याडी, तुमी इथं? घरी काही झालं का?" तांड्यावर आईला याडी म्हणतात.

मोतीबाईनं डबा तिच्या हातात कोंबला आणि हात तिच्या डोक्याकडे नेला. "तुहं नाव राहून गेलं होतं माय."

रीतानं तो हात वरच्यावर धरला. "बसा आधी. पानी प्या." मग म्हणाली, "एक इचारू? तुमी साऱ्यायचं नाव घेता. तुमचं कोन घेते?"

मोतीबाईनं मनातल्या मनात सगळी नावं पुन्हा चाळली. इतक्या वर्षांत शेळीचं नाव घेतलं, स्वतःचं कधी घेतलं नव्हतं. तिला कापूस वेचताना साप चावला होता, ती वाचली. काविळीत तिची आशा सगळ्यांनी सोडली होती, ती उठून बसली. नाव न घेता. कुणी आठवण करून न देता. जिचं नाव एकदाही घेतलं गेलं नाही, ती बाई शिरपूरच्या रस्त्यावर जिवंत उभी होती. ती लिंबाखाली बसली आणि लहान लेकरासारखी रडली.

रीताला काय करावं कळेना. तिनं पेरू बाजूला ठेवला, हात लुगड्याला पुसला आणि सासूच्या डोक्यावर ठेवला. लाजत लाजत एवढंच म्हणाली, "देवा, माह्या याडीले झोप दे."

इकडे दिवस मावळायला आला तरी बायको परतली नाही म्हणून रूपला फाट्यावर आला. जागलीला जायची वेळ झालेली, तरी हलेना. शिरपूरकडून येणाऱ्या एकेका एसटीत डोकावायचा आणि माझ्या गिरणीसमोर येऊन उभा राहायचा. "आली नाही अजून." दहादा तेच. मी म्हटलं, "बस जरा." बसला नाही.

शेवटी मोतीबाई आली ती उलट्या बाजूनं, मंगरूळपीरहून येणाऱ्या काळीपिवळी जीपमधून. तोंड सुजल्यासारखं, केस विस्कटलेले. ओठ बंद.

रूपला तिच्या अंगावर धावूनच गेला. "कुठं होती तू? इथं जीव टांगनीले लागला ना माहा! अन् मंगरूळकून कशी आली?"

"आसेगाव मांगं राहून गेलं," ती म्हणाली. "म्या गाडीत झोपली होती."

मोतीबाई गिरणीत आली आणि बाकावर टेकली.