तीन गोण्यांचं सस्पेन्शन

आमच्या सासुरवाडीला एक स्पोर्ट्स कार आहे आणि तिच्यात उंदीर शिरत नाहीत.

या वाक्यातल्या पहिल्या भागाचा दुसऱ्या भागाशी काय संबंध, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी इंजिनिअरिंग करून बसलो होतो!

सासुरवाडी भाईंदर पूर्वेला, खारी गावात. गाव म्हणजे आता चारी बाजूंनी टॉवर आणि मधोमध सासऱ्यांचं बैठं घर. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्या वडिलांची मिठागरं होती, थोडी भातशेती होती. आता त्या जागेवर बिल्डिंगी आहेत. त्यातल्याच एका बिल्डरच्या चिरंजिवांनी हौसेने आणलेली आणि महिन्याभरात कंटाळून टाकलेली जुनी लाल गाडी नानांनी घरी आणली. उघड्या टपाची, बसकी, फक्त दोन सीटची. (कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनीचा यात काहीएक दोष नाही.)

नानांना वेगाची हौस नव्हती. त्यांना हौस होती ती दोन सीटची. लग्न झालं तेव्हा ते आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, उत्तनपलीकडे पालीच्या समुद्रावर फिरायला घेऊन निघाले होते. नवं जोडपं टेम्पोत बसलं. मग त्यांच्या शेजारी एक आत्या बसली, दोन नणंदा बसल्या, शेजारचे काका बसले आणि काकांना एकटं कुठे सोडायचं म्हणून काकांची बकरी बसली. समुद्रावर आई अखेरपर्यंत बकरी धरून उभ्या होत्या. त्या दिवशी नानांनी शपथ घेतली, "एक दिस अशी गाडी आनीन, जिच्यात तिसरा मानूस मावनारच न्हाय!"

आता लग्नाला पन्नास वर्षं होत होती. वाढदिवसाला सगळ्या आळीला जेवण आणि संध्याकाळी दोघांनी त्या गाडीतून पालीला जायचं, असं ठरलं होतं. नाना त्या संध्याकाळसाठी नवा शर्ट शिवून बसले होते. आणि नेमकी गाडी मागून बसली.

बसली म्हणजे खरोखर बसली! पुढून डोकं वर, मागून ढुंगण जमिनीला. गतिरोधकावरून गेली की खालून असा आवाज यायचा की नाना गाडी थांबवून खाली उतरायचे. मीरा रोडच्या एका मेकॅनिकने खाली न वाकताच निदान केलं, "रिअर सस्पेन्शन गया. इसका पार्ट अब नहीं आता."

नानांचा चेहरा पडला. आणि तिथे, हातात चहाचा कप घेऊन, मी उभा होतो.

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो. "मी डिझाइन करतो. बनवून घेऊ!"

माझी बायको वर्षा हिने माझ्याकडे पाहिलं. "नितीन, तू एसीचे डक्ट डिझाइन करतोस."

"इंजिनिअरिंग इंजिनिअरिंग असतं, वर्षा."

आता खरं सांगायचं तर बावीस वर्षं मी ऑफिसात बसून पत्र्याच्या नळ्यांमधून हवा कशी जावी हे ठरवतोय. नाना पाहुण्यांना माझी ओळख "आमचे जावई, हवेचं काम करतात" अशी करून देतात. (पाहुणे मग माझ्याकडे सायकलच्या पंपवाल्याकडे बघावं तसं बघतात.) त्यामुळे त्यांच्या गाडीखाली शिरून त्यांच्या नजरेत वर यायची ही संधी मी सोडणार नव्हतो.

पुढच्या रविवारी मापं घ्यायला गेलो. सोबत टेप, पातळी बघायची पाणसळ, लॅपटॉप आणि गाडीखाली अंथरायला आमची सतरंजी. चाक आणि गाडीचं अंग यांना जोडणारा एक दांडा असतो, त्याला आर्म म्हणतात. त्या आर्मवर एक वाटी असते आणि वाटीत स्प्रिंग बसते. गाडी खाली बसलीय, तर वाटी वर उचलायची! इतकं सोपं होतं. मला स्वतःचाच हेवा वाटला.

मी गाडीखाली असताना दोन पावलं डिकीपाशी येऊन थांबली. पायात जोडवी होती.

"जावई, जरा डिकी उघडू का?"

"आई, आत्ता नको! मापं चाललीत. गाडीला कुणी हात लावायचा नाही."

"पन डिकीत..."

"आई," मी खालूनच, शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, "डिकीचा आणि सस्पेन्शनचा काहीही संबंध नसतो. हे जरा टेक्निकल आहे."

पावलं गेली. त्या दुपारी जेवायला कोलंबीचं कालवण होतं आणि नुसत्या भाकऱ्या. भात नव्हता. कोलंबीच्या कालवणाला खारीत भात नाही, ही घटना सूर्य पश्चिमेला उगवण्याइतकी मोठी होती. पण मी चार भाकऱ्या हाणल्या आणि विचारलंही नाही.

ड्रॉइंग तयार झालं. ऑफिसातल्या प्रिंटरवर रंगीत काढलं. पण दोनच आर्म बनवून देणार कोण? भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमधून मी वणवण फिरलो. शेवटी एक रमणिकभाई भेटले. त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. त्यांनी ड्रॉइंग उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं.

"ये क्या है साहेब? झारा?"

"गाडी का पार्ट है. ये डंडा, और इसके ऊपर ये वाटी."

"वाटी!" रमणिकभाईंचा चेहरा उजळला. "पहले बोलने का ना! वाटी तो अपना लाइन है. कितना डझन?"

"दोन. दो पीस."

"दो डझन?"

"सिर्फ दो!"

त्यांना एवढं वाईट वाटलं की त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. पण माणूस दिलदार. जाड पाइप आणला, वाटी घट्ट वेल्ड केली. नमुना म्हणून मी नेलेले जुने आर्म त्यांनी कोपऱ्यात ठेवले. "इसका क्या करूं?" म्हणाले. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "निकम्मा माल है. फेक दो."

चार दिवसांनी आर्म हातात आले आणि माझे डोळे दिपले. त्यांनी दोन्ही आर्मना ताटाला करतात तसं पॉलिश केलं होतं. त्यात बघून भांग पाडता आला असता! आणि त्यावर, सुबक टिंबाटिंबांच्या अक्षरांत, नाव घातलं होतं: चि. नितीनकडून नाना व आईंना सप्रेम भेट.

"ये किसने बोला लिखने को?"

"आपने बोला ना, सास-ससुर का शादी का सालगिरह है? बिना नाम का बर्तन हमारे यहां से बाहर जाता ही नहीं."

म्हटलं, असू दे. गाडीच्या खाली जाणार आहे, वाचणार कोण?

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मेकॅनिक आणून आर्म बसवले, गाडी जॅकवरून उतरवली आणि मी श्वास रोखून पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध! गाडी अशी सरळ उभी होती की नाना तिच्याभोवती तीन वेळा फिरले. मग त्यांनी शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, "आमचे जावई. इंजिनिअर हायेत!"

बावीस वर्षांनी! मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो आणि रात्रभर तसाच पिवळा राहिलो. गाडीवर ताडपत्री घातली, ती उद्या संध्याकाळी सगळ्यांसमोर काढायची म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली, दुपारी पंगती उठल्या. आळीच्या आळी जेवली. भात तर असा मोकळा, सुवासिक की मी तीनदा मागून घेतला.

"आई, तांदूळ कुठला हो?" मी विचारलं.

"माझे माहेरचा. भावानी पाठवलेला," आई कौतुकाने म्हणाल्या.

संध्याकाळी सगळे अंगणात जमले. नाना नव्या शर्टात, आई हिरव्या साडीत, केसांत अबोलीचा वळेसर. मी पुढे झालो आणि जादूगाराच्या थाटात ताडपत्री ओढली.

गाडी लोटांगण घालत होती.

पुढचं नाक जमिनीला टेकलेलं, मागचा भाग हवेत! एखादी भाविक गाडी अंगणातल्या तुळशीला नमस्कार करतेय, असं वाटत होतं. आणि मागून ती एवढी उचलली गेली होती की खालचे दोन्ही आर्म उन्हात लखलखत होते. जमलेल्या आळीने एकत्र वाकून मोठ्याने वाचलं:

"चि. नितीनकडून नाना व आईंना सप्रेम भेट!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काल तर सरल होती!" नाना म्हणाले.

"कुणी हात लावला होता का गाडीला?" मी ओरडलो.

"हात कोन लावतंय?" आई म्हणाल्या. "मी फक्त सकालचे डिकीतून तांदूल काढलं."

"डिकीतून... काय?"

"तांदूल. तीन गोनी. घरात उंदीर झालेत ना! डिकीची चावी काय उंदराकडं हाय? म्हनून पावसापासून तितंच ठेवलेलं. त्या दिवशी तुमाला सांगाया आली, तर तुमी म्हनालाव, डिकीचा संबंद न्हाय."

माझ्या डोक्यात सगळे बुडबुडे एकदम मधोमध आले. गाडी बिघडलीच नव्हती! ती बिचारी आईंच्या माहेरच्या तांदळाने बसली होती. मी धडधाकट गाडी दुरुस्त केली होती, आणि तीसुद्धा तीन गोण्यांच्या मापाने!

रमणिकभाईंना फोन लावला. "वो पुराना माल? भंगार में गया साहेब. आपने ही बोला निकम्मा है."

"तांदूळ परत डिकीत ठेवा!" मी म्हणालो.

वर्षाने ओट्याकडे बोट केलं. तांदूळ ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. काही तांदूळ ढेकर देत होते. स्वतःच्या वाट्याचे तर मी तीनदा मागून घेतले होते.

नाना जाऊन गाडीत बसले. गाडी उताराला लागल्यासारखी असल्यामुळे घसरून स्टिअरिंगला टेकले. आई शेजारी बसल्या, त्याही घसरल्या. गाडी अंगणाच्या फाटकाच्या उंबऱ्यापर्यंत गेली, नाक उंबऱ्याला घासलं आणि थांबली. नानांनी इंजिन बंद केलं. "ऱ्हाव दे," ते हळूच म्हणाले. "टेम्पो बगा कोनाचा."

ते "ऱ्हाव दे" माझ्या काळजाला लागलं. पन्नास वर्षांनी पुन्हा टेम्पो! या खेपेला बकरी मीच होतो.

"नितीन," वर्षा म्हणाली, "तीन गोण्या म्हणजे किती वजन?"

मी सांगितलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही. वाणी तराजूकडे पाहतो तसं पाहिलं, वरपासून खालपर्यंत, पोटाशी जरा थांबून.

"चढ मागे," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? दोन सीटची गाडी आहे!"

"सीटवर कोण बसवतंय तुला? डिकीवर बस."

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. तो ग्रह त्या संध्याकाळी, शंभर माणसांच्या साक्षीने, सीटच्या मागे पाय सोडून डिकीच्या झाकणावर चढला. स्प्रिंगने एक उसासा टाकला. नाक उंबऱ्यावरून वर आलं. कुणीतरी माझीच पाणसळ आणून ठेवली. बुडबुडा मधोमध!

"आवो, परफेक!" नाना खुलले. "जावई, हलू नका हां."

निघाली आमची वरात. खारीतून बाहेर, पुलावरून पश्चिमेला, तिथून उत्तनच्या रस्त्याला. गाडी बैलगाडीच्या वेगाने, पुढे नवरा-नवरी आणि मागे उंचावर मी. निघताना कुणीतरी झेंडूचा हार गाडीला घालायला आणला होता. बॉनेटवर राहीना म्हणून तो माझ्या गळ्यात घातला. मग काय विचारता! नाक्यावर लोक हात जोडायला लागले. एक रिक्षावाला ओरडला, "भाऊ, निवडून आलात का?" पुढच्या चौकात एका गृहस्थाने गाडी थांबवून मला नळाच्या पाण्याची तक्रार सांगितली. मी लक्ष घालतो म्हणालो. (काय करणार? खाली उतरून खुलासा करायची सोय नव्हती.)

झाडीतला रस्ता लागला तसे नाना आईंकडे झुकले. काहीतरी कुजबुजले. आई लाजल्या, मग एकदम मागे वळल्या.

"जावई, कान झाका."

मी झाकले. हात सुटल्यामुळे पुढच्या खड्ड्यात जवळजवळ पडलोच, पण झाकले!

पालीला सूर्य टेकला होता. दोघं उतरून खडकावर जाऊन बसली, अगदी लागून, मध्ये बकरी नाही की आत्या नाही. लांबून आईंची अबोली दिसत होती आणि नानांचा हात तिच्यापाशी. मला इतकं बरं वाटलं की मी हार सरळ केला. मी मात्र डिकीवरच होतो. उतरलो असतो तर गाडीने पुन्हा वाळूत नाक खुपसलं असतं. मासळीची टोपली घेऊन चाललेली एक मावशी माझ्यापुढे थांबली, हाराकडे पाहिलं आणि खडकाकडे तोंड करून ओरडली, "आवो, ह्यो पुढारी कोन हाय? गाडीवर बसवून ठेवलाय!"

नाना तिथूनच म्हणाले, "पुढारी न्हाय. आमचे इंजिनिअर हायेत."

आता डिकीत पुन्हा तांदूळ असतात. पण घर आहे, खाणारी तोंडं आहेत. गोण्या उतरतात तशी गाडीची शेपटी वर येते. महिन्यातून एकदा आईंचा फोन येतो, "जावई, रविवारी या. तांदूल सरलेत." इतर जावयांना सासू जेवायला बोलावते. मला तांदूळ नसले की बोलावते.

मध्ये डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून मी भात सोडला, सकाळी चालायला लागलो. वर्षाने कौतुकाने माहेरी कळवलं. तासाभरात नाना आमच्या मीरा रोडच्या फ्लॅटच्या दारात हजर! हातात भाताचा डबा आणि चेहरा काळजीने काळवंडलेला.

"जावई, हे काय आयकतंय मी?" डबा माझ्या हातात कोंबत ते म्हणाले. "तुमीच डिझाइन केलाव, आन् आता तुमीच बिघडवताव?"